रिकाम्या मिक्सरची चाचणी

पॅन्ट्रीतला मिक्सर कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर आणून ठेवला होता. भांडं रिकामं होतं. आयटी विभागातला रोहन तो चालू करायचा. समोरचा माणूस हेडफोन कानांवर चढवायचा, घरघर गायब व्हायची आणि तो लगेच हसायचा. मग हेडफोन पुढच्याकडे जायचे. तोही हसायचा.

आमचे ऑपरेशन्स हेड परांजपे यांनी ते सगळ्यांत जास्त वेळ लावून ठेवले. मिक्सर बंद झाल्याचं त्यांना कळलं नाही.

"घरी असाच एक पाहिजे," हेडफोन काढत ते म्हणाले. "घरी तर आधी पाहिजे."

सगळे हसले. निवड तिथेच झाली.

मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये क्वालिटी अ‍ॅनालिस्ट आहे. आमची कंपनी एका विमा कंपनीसाठी फोन घेते. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. त्यांतले काही कॉल ऐकून गुण देणं हे माझं काम. माहिती बरोबर दिली का, बोलणं नीट होतं का, मागे गोंगाट होता का. निम्मी टीम घरून काम करते, त्यामुळे त्यांची घरं मला आवाजावरून माहीत आहेत. कोणाकडे पोपट आहे, कोणाच्या खिडकीखाली भाजीवाला थांबतो, कोणाच्या सासूबाई बहिणीशी रोज काय बोलतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी मी कधी गेलेले नाही.

या गोंगाटाबद्दल क्लायंटने, म्हणजे त्या विमा कंपनीने, तक्रार केली होती. म्हणून नवे हेडफोन घ्यायचे होते. घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे चालतील असे. टेबलावर दोन पर्याय होते. एक साधा, वायरचा, एका कानाचा हेडसेट. त्याला माइकची दांडी होती, ती तोंडासमोर येते. दुसरे वायरलेस, नॉइज कॅन्सलिंग, दोन्ही कान झाकणारे. दिसायला देखणे.

"दांडीवाला नको," परांजपे म्हणाले. "चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतं. टीमला जरा प्रीमियम फील द्या."

"एक कॉल लावून पाहू," मी म्हटलं. "रोहन हे घालून मिक्सरशेजारी बसेल. मी बाहेर जाऊन फोनवर ऐकते."

"अहो, आत्ताच ऐकलंत ना तुम्ही?"

"मी आतून ऐकलं. ग्राहक पलीकडून ऐकतो."

हे थोडं समजावून सांगायला हवं. असे हेडफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज आत सोडतात. दोन्ही एकमेकांना मारतात. शांतता मिळते ती ज्याने हेडफोन घातलेत त्याला. फोनच्या पलीकडच्याला काय ऐकू जाईल ते माइकवर ठरतं. तो वेगळा भाग आहे.

"मॅम, माइक पण भरपूर आहेत यात," रोहन म्हणाला.

"कुठे आहेत?"

"कानापाशी."

"आणि तोंड कुठे असतं?"

"मॅडम, तोंडाचं नंतर बघू," परांजपे उठत म्हणाले. "जेवायची वेळ झाली."

हेडफोन आले, वाटले गेले. जुने हेडसेट गोळा करून भंगारात गेले.

मनीषा गायकवाड आमच्या टीममधली जुनी कर्मचारी. विश्रांतवाडीला राहते. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. सासरे खडकीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मशीनवर आयुष्य गेलं, त्यात कान गेले. पुढे अर्धांगवायूचा झटका येऊन एक बाजू अधू झाली. त्यांना घरी एकटं सोडता येत नाही. म्हणून मनीषाला कायम घरून काम करायची परवानगी होती. अट एकच, क्वालिटीचे गुण घसरता कामा नयेत. ते कधी घसरले नव्हते.

सासऱ्यांना दिवसभर टीव्ही लागतो. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज पूर्ण. तरीही मनीषाचे कॉल स्वच्छ असत. तिच्या जुन्या हेडसेटला एकच कान होता. एका कानाने ती ग्राहकाचं ऐकायची, दुसऱ्याने घराचं. टीव्हीवर गोंधळ वाढला की ती क्षणभर म्यूट दाबायची, सासऱ्यांना खूण करायची आणि परत यायची. या बारीक फटी मला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू यायच्या. ग्राहकाला कळायच्या नाहीत.

नवे हेडफोन मिळाल्यावर तिने मला मेसेज केला. "मॅडम, किती दिवसांनी कानांना शांत वाटतंय."

त्यानंतर तिच्या कॉलमधल्या फटी बंद झाल्या. मागचा टीव्ही ऐकू येऊ लागला. तिचाच नाही, घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा. मी परांजप्यांना सांगितलं.

"नवीन आहेत. होईल सवय," ते म्हणाले.

मग तो कॉल आला.

फोन एका बाईंचा होता. नवरा नुकताच गेला होता, क्लेमसाठी काय करायचं ते विचारत होत्या. मनीषाने पॉलिसीची माहिती पडताळली, कागद कोणते लागतील ते सावकाश सांगितलं. बोलता बोलता बाईंना रडू आलं. रडणाऱ्या माणसाला मध्ये तोडू नये, थांबावं, असं आम्हीच ट्रेनिंगमध्ये शिकवतो. मनीषा थांबली.

ती गप्प झाली आणि मागून हसण्याचा आवाज आला. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम चालू होता. पाच-पन्नास माणसं एकदम हसावीत तसा तो हशा.

कर्मचारी बोलत असतो तेव्हा माइक त्याचा आवाज धरतो. तो गप्प झाला की माइक आवाज शोधू लागतो आणि खोलीत जे असेल ते मोठं करून पाठवतो. मिक्सरची सलग घरघर त्याला ओळखता येते, ती तो गाळतो. हसणं हा माणसाचा आवाज. तो बोलणं समजून जपला जातो. मनीषा जितकी शांत राहिली तितका हशा वाढला.

त्या हशामध्ये एक म्हातारा आवाज होता. "मनीषा, बारीक करू का गं टीव्ही?" थोड्या वेळाने पुन्हा. "बारीक करू का?"

मनीषाने उत्तर दिलं नाही. तिच्या कानात फक्त बाईंचं रडणं होतं.

"हसताय का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"सॉरी मॅडम, मला समजलं नाही," मनीषा म्हणाली. तिला खरंच समजलं नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला आणि तक्रार केली.

आमच्याकडे फेटल नावाचा प्रकार असतो. ज्या चुकीमुळे अख्ख्या कॉलला शून्य मिळतं, ती फेटल. ग्राहकावर हसणं फेटल. मागचा गोंगाट फेटल नाही, त्याचे थोडे गुण कापतात. मी गोंगाटाचे गुण कापले. क्लायंटला ते मान्य झालं नाही. अशा वेळी कॅलिब्रेशन होतं. दोन्ही बाजू एकत्र बसून तोच कॉल ऐकतात आणि गुण नक्की करतात.

त्याआधी मी मनीषाला फोन केला. "टीव्हीवर तसाच कार्यक्रम लाव. सासऱ्यांना नेहमीसारखं बसू दे. हेडफोन घालून मला कॉल कर, दोन वाक्यं बोल आणि गप्प बस."

तिने तसं केलं. तिचा आवाज स्पष्ट होता. ती थांबली, आणि दार उघडल्यासारखी सगळी खोली पुढे आली.

"काय येतंय ऐकू, मॅडम?" तिने विचारलं.

"तुला काय येतंय?"

"काही नाही. तुमचाच आवाज."

मागून सासऱ्यांनी विचारलं, "ऑफिसचा फोन आहे का गं? बारीक करू?"

मनीषा गप्पच.

"तुझे सासरे काहीतरी विचारतायत," मी म्हटलं.

हेडफोन काढल्याची खरखर झाली. "नको बाबा, राहू दे," ती ओरडून म्हणाली. परत आली तेव्हा आवाज बदललेला होता. "मॅडम, हे रोज विचारत असतील का हो?"

मी तिचे आधीचे कॉल ऐकले होते. "हो," मी म्हटलं.

कॅलिब्रेशनला क्लायंटकडून एक तरुण मॅनेजर होता. आमच्याकडून परांजपे आणि मी. रेकॉर्डिंग लावलं. हशा आला तिथे मॅनेजरने थांबवायला सांगितलं.

"सी, कस्टमर रडतेय आणि हे लाफ्टर."

"तो टीव्हीचा आहे," मी म्हटलं. "ती गप्प आहे म्हणून माइकने मागचा आवाज उचललाय. तिला तो ऐकूच येत नव्हता. पुढे ऐका, घरातले गृहस्थ टीव्ही कमी करू का विचारतायत. तिला ऐकू आलं असतं तर तिने हो म्हटलं असतं."

पुढचा भाग लावला. बारीक करू का. बारीक करू का.

मॅनेजरने विचारलं, "हे कोण?"

"तिचे सासरे."

"म्हणजे कॉल चालू असताना रूममध्ये थर्ड पर्सन होता. कस्टमरचं नाव, पॉलिसी, नॉमिनी, सगळं त्याच्यासमोर बोललं गेलं. हे तर डेटा प्रायव्हसीमध्ये जातं."

"त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही, मग आवाज कमी करू का हे कसं कळतं?"

"तिच्या कानांवर हेडफोन दिसतात. आपल्यामुळे अडचण होत असेल, हे त्यांना कळतं."

"आय अंडरस्टँड. पण पॉलिसी इज पॉलिसी."

कॉलला फेटल मिळालं. शिवाय प्रायव्हसीचा दुसरा ठपका. बाहेर आल्यावर परांजपे म्हणाले, "मॅडम, चूक एक होती. तुम्ही दोन करून दिल्यात."

मनीषाची घरून काम करायची परवानगी रद्द झाली. पुढच्या सोमवारपासून ऑफिसला यायचं. तिने एकच मागितलं, जुना एका कानाचा हेडसेट. एका कानाने घर ऐकू येत असलं की सासऱ्यांना कॉलच्या वेळी आतल्या खोलीत बसवीन, त्यांनी हाक मारली तर कळेल, असं ती म्हणाली.

"मॅम, ते सगळे ई-वेस्टला गेले," रोहन म्हणाला.

मग मी परांजप्यांकडे गेले. "दांडीवाला एक सेट मागवू. तिला देऊन पुन्हा कॉल तपासू. क्लायंटला ऐकवू."

"आणि टीव्ही? तो काय कंपनीने दिलाय?"

"टीव्ही आधीही होता. तक्रार नव्हती."

त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. "अहो, एकीला वेगळा दिला की उद्या सगळे मागतील. सगळ्यांनी मागितला की वरून विचारतील, मग आधी हे का घेतले. कशाला? एका बाईने ऑफिसला यायचंय. बाकीच्या येतात ना?"

"तिच्या सासऱ्यांना एकटं ठेवता येत नाही."

"मग तिने ठरवावं."

तिने ठरवलं. राजीनामा दिला.

हेडफोन परत करायला ती स्वतः आली. मूळ खोक्यात, पिशवीसकट, चार्जिंगची वायर गुंडाळून. शेजारच्या काकूंना सासऱ्यांजवळ बसवून आली होती. रिक्षा खाली थांबवली होती. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

"बाबांनी टीव्ही लावणंच सोडलंय," ती म्हणाली. "मी लावून देते, ते बंद करतात."

"सांगितलंस तू त्यांना?"

"कशाला सांगेन? ह्यांना सांगत होते, तर बाबा म्हणाले, काय झालंय ते मलाही सांगा. काही नाही म्हटलं. पण आमच्याकडे सगळं मोठ्यानेच बोलायची सवय ना, मॅडम. ऐकलं असणार."

लिफ्ट आली. ती गेली.

पुढच्या आठवड्यात टीमला मेल गेला. घरून काम करताना टीव्ही, मिक्सर, पाळीव प्राणी आणि कुटुंबीय यांचा आवाज येणार नाही याची काळजी कर्मचाऱ्याने घ्यावी. हेडफोनचा उल्लेख नव्हता. मनीषाचा सेट रोहनने तपासला. त्यात बिघाड नव्हता. मीही तेच सांगितलं असतं. जे करण्यासाठी ते बनवलेत ते त्यांनी चोख केलं होतं.

तो सेट आता परांजप्यांकडे आहे. फ्लोअरवर फार गोंगाट असतो, असं ते म्हणतात. काही सांगायचं असलं की त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवावा लागतो.

माझं काम ऐकायचं, म्हणून ओळखीचे लोक विचारतात, घरी आणि ऑफिसात चालतील असे हेडफोन कोणते घ्यावेत. कंपनी मी सांगत नाही. चाचणी सांगते. हेडफोन स्वतः घालू नका, दुसऱ्याला घाला. त्याच्या शेजारी टीव्ही लावा. त्याला गप्प बसायला सांगा. तुम्ही बाहेर जाऊन फोनवर ऐका. तो गप्प असताना जे ऐकू येईल ते तुमच्या ग्राहकाला, साहेबाला, डॉक्टरला ऐकू जाणार आहे. त्यावरून ठरवा.

दुकानात ही चाचणी करू देत नाहीत. आमच्या ऑफिसातही करू दिली नव्हती.