उभ्या गाडीतून निपाणी

जगात काहीच नीट होणार नाही, यावर माझ्या थोरल्या साडूंची जेवढी अढळ श्रद्धा आहे, तेवढी मी अजून कुणाची देवावरही पाहिलेली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वडगावात त्यांचे यंत्रमाग आहेत, त्यांवर साड्या निघतात, निघालेल्या साड्या विकल्याही जातात, मुलं शिकून नोकरीला लागली आहेत. पण यातली एकही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना तपासून "सगळं उत्तम आहे" असं सांगितलं, तेव्हा बाहेर आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्येंचं मशीन बिघडलंय. बिचाऱ्याला सांगायचं कसं?" साडी मागावरून उतरली की ते तिच्यावरून मायेनं हात फिरवतात आणि "रंग जाणार हिचा" असं म्हणून घडी घालतात. लग्नाला गेले की मांडव कुठल्या बाजूनं कोसळेल याचा आधी अंदाज घेतात आणि त्याच्या विरुद्ध टोकाला जेवायला बसतात. एकदा शहापुरातल्या एका लग्नात ते असेच भरल्या ताटावरून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. मांडव काही पडला नाही. परतताना भर रस्त्यात थांबून ते म्हणाले, "आज न्हाय पडला. म्हंजे आता कवाबी पडंल."

प्रवासाला निघणं हा तर त्यांच्या घरातला मोठाच प्रसंग. ते सगळे माग बंद करतात, प्रत्येकाला हात लावून नमस्कार करतात आणि शेजारणीच्या हातात किल्ली देताना "येतो" हा शब्द अशा आवाजात उच्चारतात की ती बाई पदर डोळ्याला लावते. यांना जायचं असतं बेळगुंदीला, जेवून संध्याकाळी परत यायला. निपाणी ही आम्हा दोघांची सासुरवाडी. अण्णांना गाडी चालवता येत नाही, शिकायचीही नाही ("रस्त्यावर एक खुनी कमी," असं ते म्हणतात), म्हणून ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आमच्याच गाडीतून येतात. अण्णा मागे बसतात, माझ्या मुलीच्या शेजारी, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला मनातल्या मनात क्षमा करतात.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं. सई तीन वर्षांची आहे. आम्हाला ती फार उशिरा झाली, मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर. तिच्याबरोबर पळताना मला धाप लागते, आणि आपण या पोरीला म्हातारा बाप दिला ही बोच काही केल्या जात नाही. त्यात सई आईच्या माहेरच्या वळणावर गेली आणि भसाभसा उंच झाली. बघणाऱ्याला ती पाच-सहा वर्षांची वाटते. त्यामुळे लोक तिच्याकडून पाच-सहा वर्षांच्या मुलीचं शहाणपण मागतात. देवळात फुगा फुटला म्हणून रडली, तर एक अनोळखी बाई म्हणाली, "एवढी घोडी झाली, नि रडतीया!" बायकोची मावशी तिला आपादमस्तक बघून एवढंच म्हणाली, "हिला नवरा कुठनं आणायचा गं?" मी हसलो. हसायला नको होतं.

गाडीत सईसाठी लहान मुलांची एक सीट आहे. खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून पट्टे येतात आणि पोटावर एका बकलात अडकतात. हल्ली त्या सीटमध्ये बसली की तिचे पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकायला लागले होते. बायको म्हणाली, अवघडत असेल. मच्छे गावच्या कारखान्यातले माझे सहकारी म्हणाले, आमची पोरं तर कधीच मोठ्या सीटवर गेली. दुकानदारानं तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "उंच हाय की सर, चालतंय." मी बूस्टर घेतलं. बूस्टर म्हणजे एक जाड पाट. मूल त्यावर बसतं आणि त्याला मोठ्यांचाच पट्टा लावायचा. मी सगळ्यांना सांगितलं, पोरीची सोय. खरं म्हणजे रोज वाकून, रडणाऱ्या पोरीचे हात पट्ट्यांतून ओढून ते बकल लावताना माझी कंबर धरत होती. सोय माझी होती.

रविवारी निपाणीला जायचं होतं. सासूबाईंचा मोतीबिंदू काढला होता आणि आजीला बघायचं म्हणून सईनं घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनी दोन दिवस आधीच गेल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी अण्णा पिशवी घेऊन अनगोळला आमच्याकडे मुक्कामाला आले, गाडीत डोकावले आणि तसेच मागे सरकले.

"ह्ये काय?"

"बूस्टर, अण्णा. सई मोठी झाली ना आता."

"कुणी सांगितलं?"

"बघा की. पाय पुढं टेकतात तिचे."

अण्णा दाराजवळच्या कट्ट्यावर मटकन बसले. "पाय टेकलं व्हय," ते म्हणाले. "मग संपलंच." थोडा वेळ त्यांनी गाडीकडे एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, "पावणं, त्यो पट्टा ऱ्हायचा न्हाय तिच्या अंगावर. हिला गप बसाय येतंय काय?"

"सांगितलं की ऐकते ती."

"बरं. मग उद्या कशाला? आत्ताच जाऊन येऊ निपाणीला."

"आत्ता?"

"गाडी चालू करू नका. हितंच उभी ऱ्हाऊ द्या. जेवढा येळ निपाणीला लागतोय तेवढा येळ बसू. पोरगी नीट बसली तर माझं चुकलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण अण्णा स्वतः चुकण्याची शक्यता मान्य करताहेत, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सईला बूस्टरवर बसवलं, पट्टा लावला, अण्णा शेजारी बसले, मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. खिडक्या उघड्या, गाडी बंद, गल्लीत ऊन कलत आलेलं. बायको दारात आली, आम्हाला बघितलं आणि "दोघास्नीबी याड लागलंय" असं म्हणून आत गेली. शेजारच्या आक्का भाजी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "काय अण्णा, गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाय आक्का," अण्णा गंभीरपणे म्हणाले, "काकतीपातूर आलोय."

निपाणीच्या वाटेवरच्या काकतीपर्यंत सई खरोखरच राणीसारखी बसली होती. मी आरशातून अण्णांकडे विजयी नजरेनं बघितलं. त्यानंतर तिनं खांद्यावरचा पट्टा काखेखाली घेतला. मी म्हटलं, "सई, पट्टा वर." तिनं वर घेतला. मी पुढं बघितलं तोवर तो पाठीमागे गेला होता. हत्तरगीचा टोलनाका अण्णांनी जाहीर केला तेव्हा तिच्या हातातली बाहुली खाली पडली, आणि ती उचलायला सई पट्ट्याखालून अशी अलगद सरकली, की जणू पट्टा नव्हताच. दोन्ही पाय खाली टेकून ती उभी राहिली. अण्णांनी फक्त रिकाम्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मी तिला पुन्हा बसवलं. संकेश्वर येईपर्यंत ती तीनदा उभी राहिली आणि शेवटच्या वेळी माझा तोल गेला. मी मागे वळून ओरडलो, "सई! मोठी झालीस ना तू आता? नीट बसायला काय होतं?"

तिचा चेहरा एवढासा झाला. तिला रडू येत होतं, पण मोठ्यांनी रडायचं नसतं हे तिला आता माहीत झालं होतं, आणि तिनं ते आवंढ्याबरोबर गिळलं.

"तिला मोठी म्हणू नका, पावणं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा रडवेला नव्हता, म्हणून मी आरशात बघितलं. ते बाहेर गल्लीकडे बघत होते. "आमच्या घरात हातमाग हुता तवा. खड्ड्यातला माग. कडंला बसायचं नि पाय खड्ड्यात सोडायचं. आमच्याकडं पोराचं वय कुणी इचारत न्हवतं. त्येला मागावर बसवून बघायचं, पाय खालच्या फळ्यास्नी टेकलं की पोरगं मोठं झालं. माझा थोरला भाऊ बुटका. त्येचं टेकंनात. माझं टेकलं."

"किती वर्षांचे होता तुम्ही?"

"कुणाला ठावं? तेच तर सांगतोय." ते जरा हसल्यासारखे झाले. "मी लई शाणा. बा बसवाय लागला की पाय आखडून घ्यायचो. तर बानं गुडघ्यावर हात ठिवला नि दाबला. टेकलं. आई म्हणाली, बघा, केवढा झाला! गल्लीतली माणसं बघाय आली. मलाबी बरं वाटलं हुतं त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. मग मागाचा धोटा थांबला की भायेर गोट्यांचा आवाज यायचा. थोरला खेळायचा."

त्यानंतर त्यांनी वाटेतलं पुढचं गाव जाहीर केलं, "कणगला."

तवंदीचा घाट लागायच्या सुमारास सई झोपली. झोपली म्हणजे हाडं नसल्यासारखी एका अंगावर कलंडली. डोकं दाराकडे, कंबर बूस्टरच्या कडेला, आणि खांद्यावरचा पट्टा तिच्या गळ्यावरून गेला होता. मी आरशात ते बघितलं. गाडी जागची हललेली नव्हती. उद्या या टप्प्यावर ती घाटातून उतरत असती, पुढे उसाचा ट्रॅक्टर असता, मी ब्रेकवर पाय दिला असता. हे सगळं मला अण्णांच्या नव्हे, माझ्याच आवाजात ऐकू आलं. मी खाली उतरलो आणि मागचं दार उघडून तिचा पट्टा सोडवला.

अण्णांनी तिला उचलून घेतलं आणि ते कट्ट्यावर जाऊन बसले. मी बूस्टर काढलं, जुनी सीट पुन्हा बसवली आणि तिच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका पहिल्यांदाच नीट वाचली. पाय पुढे टेकले म्हणून सीट लहान झाली असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. खांदे बघायचे होते. पट्टे खांद्यांच्या वरून यायला हवेत, आणि ते वर घ्यायला अजून एक खाच शिल्लक होती. शिवाय मूल सगळी वाट नीट बसून राहील एवढं समजूतदार झाल्याखेरीज बूस्टर नको, हेही तिथं छापलेलं होतं. इतके दिवस आम्ही सगळे तिचे पाय बघत होतो. मी पट्टे वरच्या खाचेत ओवले. अण्णांनी बसल्या जागेवरून विचारलं, "बसलं?"

"बसलं. अजून बरेच महिने पुरेल. मग मोठी घेऊ, पट्ट्यांचीच."

"तीबी तुटंल," अण्णा म्हणाले; पण सवयीनं.

आवाजानं सई जागी झाली. तिनं डोळे चोळले, गल्ली बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "आजी कुठाय?"

पोरगी निपाणीला निघाली होती, आम्हीच तिला वाटेतल्या गावांची नावं सांगितली होती. फसवल्याचं आणखी एक ओझं माझ्या डोक्यावर येऊन बसलं. तेवढ्यात ज्या माणसानं आयुष्यात कुणाला आशेचा एक शब्द दिला नाही, तो माणूस म्हणाला, "जाऊन आलो की आपण. आज्जी झोपली हुती. उद्या आनि एकदा जाऊया."

"आनि?"

"व्हय, आनि."

सईनं क्षणभर विचार केला. पाच वर्षांच्या मुलीनं काहीतरी विचारलं असतं; मला आजी का दिसली नाही, गाडी कधी हलली. सई "बरं" म्हणाली आणि अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा झोपली. तिचे लांबलचक पाय खाली लोंबत होते. अण्णांनी ते उचलून मांडीवर घेतले.

"इश्वास बसला बघा तिचा," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. आतून बायकोनं जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली. आम्ही ऐकलं; पण पोरगी गाढ झोपली होती, आणि उठायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.