प्रमोदरावांचं नाव

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चाळीस बायकांसमोर, माझ्या नवऱ्याच्या देखत, उखाण्यात भलत्याच्याच नवऱ्याचं नाव घेतलं.

वास्तविक लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी मी दरवर्षी घरी रचलेलाच उखाणा घेत आले. त्याच्या आदल्या वर्षीचा असा होता:

मशीनमध्ये मोजे सहा, बाहेर आले पाच,
श्रीरंगराव शोधतात सहावा, शेजाऱ्यांना वाटतो नाच!

हा उखाणा श्रीरंगने इथे सिंगापुरात, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. (तिथे एकालाही मराठी येत नाही!) पण आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आले, तेव्हा बाकीच्या उखाण्यांवर बदामांचा पाऊस, आणि माझ्या व्हिडिओखाली एकच अंगठा. तोही श्रीरंगचा. तो अंगठा मला वर्षभर सलत राहिला.

म्हणून या खेपेला मंडळ चालवणाऱ्या मेधाताईंनी ग्रुपवर आधीच लिहिलं, की उखाणे जरा शोभतील असे घ्या. हा टोला कुणाला होता ते मला कळलं. मी गुपचूप फोनमधल्या एआयलाच सांगितलं, सिंगापूर, नवरा, प्रेम, शोभेलसा उखाणा दे. दोन सेकंदांत हजर!

सेम्बावांगच्या घरून निघताना श्रीरंगने विचारलं, "यंदा माझी काय कुचेष्टा?" त्यासाठी गडी चक्क नवे मोजे घालून आला होता. मी म्हटलं, सरप्राइज आहे.

बुकित तिमाहच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये पहिला मान मेधाताईंचा. त्यांनी पदर सावरला आणि सुरू केलं:

मरिना बेच्या पाण्यावर चमचमती दिवे,
सुहासरावांच्या साथीने आयुष्य रोज नवे.

माझ्या हातातली तिळाची वडी खाली पडली. तो माझा उखाणा होता! मग दुसरी उठली. तेच दिवे, तेच रोज नवे, फक्त नवरा वेगळा. तिसरी, चौथी, पाचवीही तशीच. धक्कादायक म्हणजे कुणीच हसत नव्हतं, सगळ्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या टाळ्या वाजवत होत्या. माझी बारा वर्षांची मिहिका व्हिडिओ घेत होती. ती कानाशी येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, ऑल सेम वन लाह."

सहावी वृंदा. तिने प्रमोदरावांसाठी तेच दिवे लावले. सातवी मी.

मोज्यांचाच घ्यायचा, असं ठरवून मी उठले. समोर मेधाताईंचा चेहरा आणि रोखलेले फोन दिसले, आणि माझं अवसान गळालं. सहा वेळा कानावर पडलेलं आपोआप तोंडातून बाहेर आलं, अगदी जसंच्या तसं, प्रमोदरावांसकट!

वृंदाचा तिळगूळ तोंडाशीच थांबला. मागे नवरेमंडळींत बसलेले प्रमोदराव अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. श्रीरंग खाली मान घालून आपल्या नव्या मोज्यांकडे बघत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एकोणीस वर्षांचा माझा एकुलता एक रसिक, आणि त्याला मी चारचौघींसारखं दिसण्यापायी दुखावलं.

परतताना एमआरटीच्या गाडीत मिहिकाने ग्रुप उघडला. माझ्या व्हिडिओवर बदामच बदाम! पहिला प्रमोदरावांचा.

घरी आल्यावर श्रीरंग बूट काढत म्हणाला, "नाव चुकलं त्याचं काही नाही गं. पण मरिना बेला आपण शेवटचे कधी गेलो होतो?"

मला आठवेना.

"मोज्यांचा म्हण ना," तो म्हणाला.

मी चपलांच्या कपाटासमोर उभी राहून म्हटला. मात्र नाव घेण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघून खात्री करून घेतली.