खिडकीतून जाणारा लॅपटॉप

आमच्या वडनेर भोलजीचे गुलाबराव आयुष्यभर बैल पारखत आले. आता गोठा रिकामा आहे, पण सवय गेलेली नाही. कूलर घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची असो, ते आधी एक चक्कर मारून मागून बघून येतात.

त्यांची नात मयुरी यंदा नववीला नांदुऱ्याच्या हायस्कुलात जाणार, रोज एसटीने. तिला लॅपटॉप घ्यायचा ठरला, तेव्हा शेजारी आणि बी.कॉम. झालेला माणूस म्हणून मला सोबत नेलं. पतसंस्थेत माझी नोकरी संपत आली आहे. कोणतीही खरेदी मी तुलना केल्याशिवाय करत नाही. चौकशी करून मी दोन मशीन नक्की केली. आतून दोन्ही सारखीच, आठ जीबी रॅम आणि पाचशे बारा जीबीचा एसएसडी. एक मोठ्या पडद्याचं आणि जड, दुसरं चौदा इंची आणि हलकं.

नांदुऱ्यात वकारचं कॉम्प्युटरचं दुकान बसस्टँडसमोरच आहे. गुलाबरावांनी दोन्ही मशीन फिरवून पाहिली, मागच्या जाळीला कान लावून पंख्याचा श्वास ऐकला आणि मोठ्यावर थाप मारली.

"हाच! छातीनं कसा रुंद आहे पाहा."

"आबा, मले नाही उचलणार तो," मयुरी म्हणाली. पोरगी काडीसारखी. पण घरात आबांचा शब्द शेवटचा, हे तिला ठाऊक होतं.

"अन् तो दुसरा? वासरू आहे ते!"

"तुम्ही बैल घेता तं आधी गाडीले जुंपून पाहता ना?" मयुरीने दप्तर पुढे केलं. "मंग याले जुंपा. स्टँडपर्यंत जाऊन या."

हा नियम त्यांचा स्वतःचाच, त्यामुळे नाही म्हणता येईना. दप्तरात पुस्तकं होतीच. त्यात मोठा लॅपटॉप गेला, चार्जर गेला. धोतर, पांढरी टोपी आणि पाठीवर फुलपाखरांचं गुलाबी दप्तर अशा थाटात गुलाबराव निघाले. मागे आम्ही तिघं. वकार सारखा म्हणत होता, "आबा, आराम से! अजून बिल नाही झालं!"

तेवढ्यात मलकापूरची गाडी लागली. गर्दी धावली, तसे गुलाबरावही धावले. पहिल्या खिडकीशी त्यांनी दप्तर खांद्याइतकं उचललं, तोच एका बाईचा रुमाल आत जाऊन पडला. जागा गेली! मग ते दुसऱ्या खिडकीशी गेले, दोन्ही हातांनी दप्तर वर चढवलं आणि डोक्याने आत ढकललं.

"धरली जागा!" ते घामाघूम होऊन ओरडले.

दाराशी रेटारेटी चालली होती. ती संपली आणि गाडी सुटली. गुलाबराव समाधानाने हात झटकत उभे.

"आबा," वकार गाडीकडे बोट दाखवत म्हणाला, "मशीन?"

"खिडकीपाशी बसवलं ना त्याले."

मग त्यांचा हात पाठीकडे गेला.

वकारने मोटारसायकलला किक मारली, मी मागे बसलो. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून गाडी सापडली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दांड्याला लोंबकळत होती आणि खिडकीपाशी गुलाबी दप्तर एकटं ऐसपैस बसलं होतं. त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं.

"तुमची का जागा?" शेजारची बाई म्हणाली. "कवापासून राखून राह्यलो आम्ही! बसा."

"नाही, आम्हाला उतरायचं आहे."

"मंग धरली काऊन बे?" मागून कोणीतरी ओरडलं. कंडक्टर म्हणाला, "दप्तराचं तिकीट घ्या निदान." मी घेतलं. हिशेब चोख असावा.

परत आलो तर गुलाबराव दुकानाच्या पायरीवर बसलेले. मशीन शाबूत असल्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. दुःख निराळंच होतं.

"जिंदगीत पहिल्यांदा एका रुमालानं मले हरवलं, बाबू. याच्या वजनापायी पोरगी रोज उभ्यानं येईन घरी." ते उठले. "वकार, ते वासरू भर दप्तरात."

स्टँडवर वडनेरची गाडी लागलेलीच होती. मयुरीने दप्तर एका हाताने उचललं आणि अलगद खिडकीतून आत ठेवलं. गुलाबरावांनी बाहेरूनच बसच्या पत्र्यावर थाप मारली.

"कुठं जायचं?" कंडक्टरने विचारलं.

"कुठंच नाही, काका," दप्तर बाहेर ओढत मयुरी म्हणाली. "लॅपटॉप पाहून राह्यलो."