वेणूमावशीची गार चूल

मोरिवली नाक्यावर ती गुलाबी इमारत आहे ना, खाली गाळे आणि वर काहीच नाही अशी, तिच्यात वेणूमावशीच्या नावाचा गाळा नाही. का नाही, याच्या तीन कथा नाक्यावर फिरतात. एक म्हणते, मावशीने पैसे खाऊन जागा सोडली. दुसरी म्हणते, मोजणीवाल्या साहेबाला तिने लाटणं दाखवलं. तिसरी इतकी चावट आहे की मीच ती पसरवली असेल असा लोकांना संशय आहे. नाही हो. खरी गोष्ट यापेक्षा साधी आहे, आणि तिच्यात हसण्यासारखं फार नाही.

मावशी मूळची बदलापूरच्या पलीकडची. लग्न होऊन अंबरनाथला आली. नवरा बबन एमआयडीसीतल्या एका कंपनीत लेथवर होता. कंपनी बंद पडली तरी हा गडी डबा घेऊन रोज गेटवर जाऊन बसायचा. वॉचमनशी पत्ते खेळायचा आणि संध्याकाळी ‘दमलो’ म्हणत घरी यायचा. वर्षभर हे नाटक पाहिल्यावर मावशीने नाक्यावर चार पत्रे ठोकले, विटांची चूल मांडली आणि खानावळ काढली. जळणाला कंपन्यांतून फेकलेल्या खोक्यांच्या फळ्या. पुढे बबन गेला, पण चूल चालू राहिली.

जिभेला हाड नव्हतं बाईच्या. महिन्याचं जेवण लावलेल्या गड्यांना ती मेंबर म्हणायची आणि त्यांचा उद्धार करत वाढायची. हरिचंद्र म्हणून एक मेंबर होता, बीडकडचा, केमिकल कंपनीत हेल्पर, एकटा राहणारा.

“आमच्याकडं आमटीवर बोटभर तर्री असती,” असं तो रोज म्हणायचा.

“मग जा की तुझ्या आईकडं! तिथं तर्री पी आणि उपाशी मर,” असं म्हणत मावशी त्याच्या ताटात चौथी भाकरी टाकायची. इतरांना चौथीसाठी बोलणी खावी लागत, याला भाकरी आणि बोलणी दोन्ही फुकट. मी एकदा विचारलं, “मावशी, जावई करणार का याला?” तर म्हणाली, “मला पोरगी नाही, नाहीतर तुम्हालाच केलं असतं. म्हातारा जावई लवकर सुटतो.”

अशा त्या नाक्याचा कायापालट करायचं कुणीतरी ठरवलं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कंपन्या एकामागून एक कुलपं लावत होत्या आणि वसाहतीत पुन्हा जीव आणायचा, तर म्हणे रस्ता रुंद पाहिजे, दिवे पाहिजेत, टपऱ्या जाऊन पक्के गाळे पाहिजेत. मंडप टाकून सभा झाली. कॉम्प्युटरवर काढलेलं मोठं चित्र लावलं होतं. झाडं, बाकं, फुगे घेतलेली मुलं, उन्हाची टोपी घातलेल्या गोऱ्या बायका.

मावशी म्हणाली, “ह्या बाया इथं यायला लोकलला ठाकुर्लीला चढणार की कल्याणला?”

मंडप हसला. पण चित्राच्या कोपऱ्यात एक गाळा होता, त्यात फरशीचा ओटा आणि नळ. मावशी त्या नळाकडे बघत उभी राहिली ती राहिलीच. पंधरा वर्षं ती पाणी डोक्यावर आणत होती. तिचं सगळं मन त्या नळात अडकलं. नंतर आठवडाभर मेंबरांना तिने एकच विषय वाढला : ओट्याला फरशी काळी बरी की पांढरी.

अट सोपी होती. मोजणीच्या दिवशी धंदा चालू दिसला पाहिजे. माणूस उभा, चूल पेटलेली, असा फोटो निघाला की गाळा. बंद टपरीला काही नाही, आणि राहायला असलेल्या झोपड्यांची सोय वेगळी, म्हणजे नाहीच.

मोजणी सोमवारी होती. रविवारी रात्रपाळीत हरिचंद्र गेला. टाकी साफ करायला आत उतरवलं होतं, बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. कंपनीचा माणूस सकाळी नाक्यावर येऊन सांगून गेला, तेही चहा पिता पिता. भाऊ गावाकडून निघाला होता, प्रेत दुपारी खोलीवर येणार होतं.

मावशीने रचलेल्या फळ्या चुलीतून ओढून बाहेर काढल्या. पीठ झाकलं. पायरीवर येऊन बसली.

शेजारी चंदरची टपरी. हा उल्हासनगर कॅम्प एकचा सिंधी, दाल-पकवान विकायचा. त्याच्या कढईत तेल तापलेलं. तो धावत आला. “मौसी, आज नको करू असं. साहेब नाक्यापर्यंत आलाय.”

“येऊ दे.”

“तू तर तेरावं-बिरावं मानत नाहीस! भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब. मग हे काय?”

“देवाला नाही मानत मी. हरिचंद्राला मानते.”

“अरे फक्त फोटोपुरती पेटव! मग विझव, मग दिवसभर रड. त्याला काय कळणार?”

“त्याला नाही कळणार. मला कळंल.”

दिनानाथ नावाचा मोजणीवाला आला. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला त्याच्या नावाने बोटं मोडू. सगळं ऐकून म्हणाला, “मावशी, पेटवा. मी थांबतो. माझा पुन्हा फेरा नाही इथे.”

मी समोरच्या बाकावर होतो. मावशीने काडेपेटी हातात घेतली. काडी काढली. पत्र्याला टेकवलेलं हरिचंद्राचं ताट तिला दिसलं असावं, कारण ती तिकडेच बघत होती. मग काडी परत पेटीत ठेवली.

“मयत उठायची आहे अजून. मयताच्या घरात कोण चूल पेटवतं, साहेब?”

दिनानाथने विचारलं, “हे घर आहे की धंदा?”

इथे बाईने धंदा म्हणायचं होतं. एक शब्द. चंदर मागून हात जोडून खुणा करत होता. मीही खाकरलो. पण जिभेला हाड नसलेल्या त्या बाईची जीभ त्या दिवशी सरळ चालली.

“घरच की. त्याला दुसरं कुठं होतं?”

दिनानाथने लिहून घेतलं : राहतं घर. गार चुलीचा फोटो काढला आणि तो शेजारी गेला. चंदर कढईसमोर केस नीट करून उभा राहिला.

दुपारी हरिचंद्र आला. मावशी तिरडीमागे स्मशानापर्यंत गेली आणि परतल्यावर आंघोळ करून तिने चूल पेटवली. मेंबर जेवले. तिला वाटत होतं, सगळा नाका तिला ओळखतो, सांगितलं की नोंद दुरुस्त होईल. चंदर साक्ष द्यायला जाणार होता. एकदा दुकानात गर्दी होती, एकदा बायकोला ताप, मग म्हणाला, “मौसी, माझंच नाव कापलं तर?” खोटं बोलत नव्हता. मावशी एकटीच कचेरीत जायची. तिथे तिला फोटो दाखवायचे. फोटोत चूल गारच होती.

बुलडोझर आला त्या दिवशी तिने लाटणं, तवा आणि हरिचंद्राचं ताट बाहेर काढलं. बाकी पत्रेच होते.

गाळे झाले. गोऱ्या बायका काही आल्या नाहीत. आणखी दोन कंपन्या मात्र गेल्या. निम्मी शटरं आजही खाली आहेत, आणि दुपारी त्यांच्यासमोर कुत्री झोपतात. चंदरचा गाळा चालतो. पकवान सोडून त्याने राइस प्लेट धरली आणि पोळ्यांना मावशीला ठेवलं. काळ्या फरशीचा ओटा, नळाला पाणी. मी एकदा चिडवलं, “मावशी, मिळाला की नळ!” ती हसली नाही. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका कंपनीत पुन्हा एक पोरगा गेला. जेवायला तो चंदरकडेच यायचा. बातमी आली तेव्हा जेवणाची सुट्टी होत होती, दारात रांग. मावशीने हात पुसले आणि गॅसचं बटण फिरवलं.

“मौसी, पब्लिक उभी आहे.” चंदरने लायटर मारला.

तिने बंद केलं. त्याने पुन्हा पेटवलं.

“मौसी, गाळा बंद ठेवला तर गाळ्यांची कमिटी दंड मारते. माझा गाळा आहे हा, घर नाही.”

“तुझाच आहे, बाबा,” मावशी म्हणाली.

मला वाटलं, आता ही पदर खोचून चालती होणार, आणि मला नाक्यावर सांगायला चौथी कथा मिळणार. कुठली जाते. संध्याकाळी पोट तिलाही होतं. ती परत पोळपाटाशी उभी राहिली, पीठ ओढलं आणि पोळ्या लाटू लागली. एकीवर एक कच्च्या पोळ्या ओट्यावर रचत गेली. तव्याला मात्र हात लावला नाही. आच तशीच चालू, तवा तापून धुरकटला.

शेवटी चंदरनेच उलथनं घेतलं आणि पोळ्या भाजल्या. बऱ्याचशा करपल्या. रांगेतल्या लोकांनी खाल्ल्या. कुणी तक्रार केली नाही, सुट्टी संपत आली होती.