दादाची पोटरी

माझा थोरला भाऊ रिहे खोऱ्यात भातशेती करतो. शेताकडे जाताना त्याची पोटरी इतकी दुखायची, की तो मध्येच बांधावर बसायचा. जरा टेकला की दुखणं ओसरायचं, मग पुन्हा चालायचा. वहिनी तेल चोळून द्यायची. "वय झालं," असं म्हणून तो विषय संपवायचा.

मी जवळच, चांदे गावात राहते. शेवटी मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. ती जेमतेम लागत होती. पायाची रक्तवाहिनी आतून चरबी साचून अरुंद झाली होती. "पायात साचलंय, तसं हृदयातही साचत असणार," त्या म्हणाल्या. त्यांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिल्या आणि बिडी सोडायला सांगितली.

पुढचा रिपोर्ट चांगला आला आणि दादाने गोळ्या बंद केल्या. मला हे वहिनीकडून कळलं, तशी मी त्याच्या घरी जाऊन जाब विचारला.

"आकडा खाली आलाय न्हवं? मग कशाला खाऊ?"

"गोळी घेतोस म्हणून खाली आलाय, दादा."

"म्हंजे जलमभर खायची? मी काय आजारी हाय? जाड्या मान्सांना असतंय ते. माझ्या अंगावर मांस तरी हाय का?"

विहिरीच्या पाइपात क्षार धरतो तसं हे आहे, असं मी समजावलं. तर म्हणाला, "मग डॉक्टरीणबाईला सांग, एकदाच धुवून काढ म्हणावं." मी उठून घरी आले. पुढेही दर भेटीला तेच बोलले आणि तेच ऐकलं.

लावणीच्या दिवसांत त्याच्या पायाच्या बोटात काडी घुसली. हळद लावली, पाला बांधला. जखम भरेना, बोट काळं पडलं. दवाखान्यात रक्तवाहिनीत फुगा घालून वाट मोकळी केली, पाय वाचला. बोट मात्र काढावं लागलं. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिनीतही अडथळा निघाला.

घरी आल्यावर भेटायला आलेल्यांना तो सांगत होता, "काडी लागली, त्यानं बोट गेलं."

"काडीनं नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "रक्तच पोचत नव्हतं तिथं."

चुलत्यांनी वहिनीकडे चहा मागितला.

आता वहिनी गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. दादा गिळतो, पण पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाला, "ती काडी लागली नसती, तर काय बी झालं नसतं बघ." मी फोन ठेवून दिला.