बंद खिडकी आणि भिंतीवरची बुरशी

थोरल्या मुलीला डेंग्यू झाला त्या वर्षी मी घराची मागची खिडकी बंद करून टाकली. जिंतूरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. मागं उघडी नाली, नालीवर डास. मुलगी आठवडाभर परभणीला दवाखान्यात होती. तिला घरी आणल्यावर मी स्वतः खुर्चीवर चढून खिडकीला प्लास्टिक ठोकलं.

नवरा म्हणाला, "अगं, हवा कुठून येईल?"

"न्हाई आली तरी चालंल," मी म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतीला बुरशी आली. आधी कपाटामागं, मग धाकट्याच्या अंथरुणापाशी. तो चार वर्षांचा. कपडे आतच दोरीवर वाळायचे, स्वयंपाकाची वाफ आतच कोंडायची, अंथरुणाला कुबट वास यायचा, धाकटा रात्री खोकायचा. मी शाळेत शिकवते. घराकडं बघायला रविवारच मिळतो. अशाच एका रविवारी कोरडा ब्रश घेऊन मी भिंत खसाखसा घासली. धाकटा तिथंच खेळत होता. काळी भुकटी उडाली, माझ्याही घशात गेली. पण भिंत साफ दिसली आणि मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्याचा खोकला वाढला, छातीत घरघर लागली. त्याला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि घरात ओल आहे का, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, ब्रशसुद्धा.

"लेकरू समोर असताना कोरडं घासलंत?"

मी धाकट्याच्या शर्टाची बटणं लावायला लागले.

"आधी ओलं करायचं. नाकातोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसायचं, फडकं फेकून द्यायचं. तोवर लेकरं घराबाहेर. आणि हवा खेळली पाहिजे, नाहीतर पुसतच बसाल. खिडकी नाही का?"

"बंद केलीय. थोरलीला डेंग्यू झाला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मग जाळी बसवा ना."

वर्षभर एवढं साधं मला सुचलं नव्हतं. रडू यायला हवं होतं. पण परतीच्या बसमध्ये धाकट्याला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मला नुसती झोप येत होती.

रविवारी दोन्ही लेकरांना शेजारच्या मावशींकडं नेलं.

"ऱ्हाऊ दे की, जेवूनच पाठवते," मावशी म्हणाल्या. "तू लय वाळलीस गं."

नवऱ्यानं खिळे उपटून जाळी बसवली. मी तोंड बांधून भिंत पुसली. उजेड आत आला, नालीचा वासही आला. जाळीच्या कडांवरून मी तीन वेळा बोट फिरवलं.

धाकट्याची घरघर हळूहळू थांबली. आता त्याचं अंथरूण भिंतीपासून लांब असतं. पावसाळ्यात तो कोपरा अजून काळा पडतो, आणि मी पुसते. दर वेळी वाटतं, ही शेवटची. तसं होत नाही.

परवा मी भिंत पुसायला घेतली, तेव्हा थोरलीनं विचारलं, "आई, माझ्यामुळं त्याला खोकला झाला होता का?"

हातातलं फडकं मी बादलीत टाकलं. "न्हाई गं. खिडकी मी बंद केली होती. मला भीती वाटायची."

"अजून वाटते?"

"वाटते," मी म्हणाले.

तिनं धाकट्याच्या पायात चपला घातल्या आणि त्याचा हात धरून बाहेर गेली.