ओकामुराबाईंच्या आईचा डगला

ऋता देवस्थळी जीर्ण कापड वाचवायचं काम करते, हात लागताच विरेल असं कापड. पुण्याहून सिंगापूरला येऊन तिला सहा वर्षं झाली. तिथल्या क्लेमेंटी भागात भाड्याची खोली आणि एका खासगी कलादालनातली नोकरी.

यंदा दालनात जपानी शेतमजुरांच्या कपड्यांचं आणि अवजारांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा ती जपानमध्ये अकिताजवळच्या एका खेड्यात जाऊन आली. सत्तरी ओलांडलेल्या ओकामुराबाईंनी आपल्या आईच्या वस्तू तिच्यापुढे मांडल्या. निळीत रंगवलेला सुती डगला, भाताच्या पेंढ्याचं इरलं, झिजून निम्मा झालेला विळा. डगल्यावर ठिगळावर ठिगळ, आणि त्यावर आपल्या गोधडीसारखा धावदोरा.

"आई दुसऱ्यांच्या शेतात राबायची," बाई म्हणाल्या. "खांद्यावर तीन ठिगळं आहेत ना, तिथं कावड असायची."

हा डगला पुन्हा कुणाच्या अंगावर चढणार नाही, असा ऋतानं शब्द दिला. मग तीन महिने ती त्यावर वाकून बसली. घामाचे डाग तिनं मुद्दाम राहू दिले.

उद्घाटनाच्या दुपारी ती एका कामासाठी बाहेर गेली होती. परतली तर काचपेटी रिकामी. पाहुण्यांमधून बशा फिरवणाऱ्या सेल्वी नावाच्या बाईच्या अंगात तो डगला होता आणि बाहीवर सॉस सांडला होता. दालनाचे संचालक शैलेंद्र त्याच विळ्यानं फीत कापून फोटोला उभे होते.

ऋताच्या मस्तकात सणक गेली. "पेटी कुणी उघडली?"

"मीच," शैलेंद्र हसले. "अगं, लोकांना अनुभव हवा असतो. साधेपणातलं सौंदर्य!"

"दुसरं काही नव्हतं म्हणून ठिगळं लावली त्या बाईनं! सौंदर्य कसलं?"

"आवाज खाली. नंतर बोलू."

"नंतर नाही. विळा द्या."

त्यांनी मूठ सोडली नाही. "सोडा," ती जोरात ओरडली. शैलेंद्रनी विळा सोडला.

मग ती सेल्वीकडे वळली. "मला युनिफॉर्म म्हणून दिला," सेल्वी घाबरून म्हणाली. "तुमची चूक नाही," म्हणत ऋतानं एकेक बाही हळूहळू उतरवली. खांद्याचं वरचं ठिगळ उसवलं होतं.

सोमवारी शैलेंद्रनी तिच्यापुढे महिनाअखेरीला नोकरी संपत असल्याचं पत्र ठेवलं. वर म्हणाले, "डाग प्रवासात पडला असं लिहून दे, हे फाडून टाकतो."

नोकरी गेली की सिंगापुरात राहण्याचा पासही जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऋतानं पत्र उचललं. वस्तूंच्या नोंदवहीत तिनं तारीख घातली आणि लिहिलं, 'संचालकांनी पेटी उघडली. त्यांच्या आदेशावरून डगला वापरला. बाहीवर सॉस, खांदा उसवला.' तीच नोंद फोटोंसह तिनं ओकामुराबाईंना पाठवली.

चार दिवसांनी उत्तर आलं. आभार नव्हते. 'सगळं परत पाठवा. तुम्ही शब्द दिला होतात. पेटीची किल्ली त्यांच्याकडे कशी राहिली?'

ऋतानं ते तीनदा वाचलं. शैलेंद्र माणूस कसा आहे हे ओळखूनही तिनं काचपेटीची दुसरी किल्ली त्यांच्याच टेबलावर सोडली होती. आता तिचा राग स्वतःवरही निघाला. कापड पिवळं पडू नये म्हणून तिनं डगला आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळला, विळा आणि इरलं वेगळं बांधलं आणि खोक्यावर पत्ता घातला. उसवलेल्या ठिगळाला मात्र तिनं टाका घातला नाही. ते कसं शिवायचं, ते आता ओकामुराबाईंनी ठरवायचं होतं.